ध्रुवावरून उतरणारी वीज

(अलिबाग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आताच आत्मीयतेने सांगितले. गुरुजी पदार्थविज्ञान शिकवायचे. तेव्हा या व्यासपीठावरून एकदा तरी निखळ पदार्थविज्ञानावर बोलणे व्हावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला आणि विषय मात्र माझ्यावर सोपवला गेला. अलिबागेत बोलायचे आणि भूचुंबकत्व सोडून बोलायचे हे काही मला जमले नसते. आपल्या गावातल्या चुंबकीय वेधशाळेकडे मी उत्तरार्धात येईन. सुरुवात मात्र फार लांबून, थेट ध्रुवप्रदेशातून करावी लागणार आहे.

आत्ता आपण इथे बसलो आहोत, त्या घटकेला पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवप्रदेशांवर आकाशातून वीज खाली उतरते आहे आणि परत वर जाते आहे. पावसाळी ढगांतल्या विजेशी तिचा संबंध नाही. तिला गडगडाट नाही आणि ती थांबतही नाही. साधारण दिवशी हा प्रवाह दहा-वीस लाख अँपिअर असतो. सूर्यावर मोठी गडबड झाली की तो एक कोटीच्याही पुढे जातो. आकडा ऐकून दचकायला होते, पण हा प्रवाह इतक्या अफाट प्रदेशावर पसरलेला असतो की एका चौरस किलोमीटरच्या वाट्याला जेमतेम एक अँपिअर येतो.

ही वीज येते कुठून, वाहते कशातून आणि जाते कुठे, हे तर मी सांगणारच आहे. पण मला जास्त रस आहे तो वेगळ्याच प्रश्नात. एवढा प्रचंड प्रवाह डोक्यावर असताना तो आहे की नाही यावर जगातली जाणती माणसे साठ वर्षे का भांडत राहिली? माझे उत्तर आधीच देऊन ठेवतो. ते भांडण जमिनीवर बसून सुटण्यासारखे नव्हते. उपकरण कितीही चांगले असो आणि निरीक्षक कितीही प्रामाणिक असो, जमिनीवरच्या नोंदीत त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते.

ध्रुवीय प्रकाशाचे आणि होकायंत्राचे काही नाते आहे, हे निरीक्षण जुने. स्वीडनमधल्या उप्सालामध्ये १७४१ साली अँडर्स सेल्सियस, म्हणजे तापमापीमुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच सेल्सियस, आणि त्याचा सहकारी ओलोफ हिओर्टर यांनी पाहिले की आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलू लागले की चुंबकसूची बिथरते. पुढे १८२० मध्ये ओर्स्टेडने विजेच्या प्रवाहाशेजारी चुंबकसूची वळते हे दाखवले. ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली की आकाशात कुठे तरी वीज वाहत असावी, असा संशय येणारच. तो संशय अनेकांना आला. त्याच्यामागे आयुष्य लावले ते नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलँडने.

बिर्केलँडचा जन्म १८६७ चा. गणिताची उत्तम तयारी, प्रयोगाचा हात त्याहून चांगला आणि स्वभाव कमालीचा अस्वस्थ. ऐन तिशीत त्याने नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, आल्ताजवळच्या हाल्दे नावाच्या डोंगरावर, सुमारे नऊशे मीटर उंचीवर दगडी वेधशाळा उभारून घेतली आणि १८९९-१९०० चा हिवाळा तिथे काढला. महिनोन् महिने रात्र, वाऱ्याने माणूस उडून जाईल अशी परिस्थिती. त्या मोहिमेत त्याचा एक सहकारी हिमकड्याखाली सापडून गेला. तरीही १९०२-०३ मध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी एकाच ठिकाणी बसून भागणार नाही हे त्याने ओळखले होते. एकाच वेळी चार ठाणी चालू केली: एक उत्तर नॉर्वेत, एक आइसलंडमध्ये, एक स्पिट्सबर्गेनच्या बाजूला आणि एक रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटावर. शिवाय जगभरातल्या वेधशाळांना पत्रे लिहून त्याच दिवसांच्या नोंदी मागवल्या. एकच वादळ अनेक ठिकाणांहून एकाच वेळी पाहायचे, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी ती जहाजांतून, बर्फातून आणि टपालातून अमलात आणायची होती.

या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर त्याला दिसले ते असे. वादळाच्या वेळी ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावर, उंच आकाशात लाखो अँपिअरचा एक आडवा प्रवाह वाहतो. इथपर्यंत वाद नव्हता. पण या पट्टीला दोन टोके आहेत, आणि टोकाशी वीज संपून कशी जाईल? तिला पुढे कुठे तरी जावे लागणार. बिर्केलँड म्हणाला, ती वर जाते. एका टोकाला पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून ती अवकाशातून खाली येते, आडवी वाहते आणि दुसऱ्या टोकाला बलरेषांवरूनच परत अवकाशात जाते. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात ही आकृती आहे. दुसरा भाग १९१३ मध्ये आला. उपग्रहाची कल्पनाही नसलेल्या काळात काढलेली ती आकृती आजच्या पाठ्यपुस्तकात थोड्याफार फरकाने तशीच छापता येते.

प्रयोगशाळेत त्याने आणखी एक गंमत केली. निर्वात काचपेटीत एक लहान गोळा टांगला, आत विद्युतचुंबक ठेवून त्याला पृथ्वीसारखे चुंबकत्व दिले आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. हे बघायला ख्रिस्तियानियातली, म्हणजे आजच्या ओस्लोतली, मोठमोठी माणसे येत.

हे सगळे पैशाशिवाय होत नव्हते, आणि त्याची पैसे उभे करण्याची तऱ्हाही त्याच्या स्वभावासारखीच होती. त्याने विजेवर चालणारी तोफ बनवली. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात निमंत्रितांसमोर तिचे प्रात्यक्षिक ठेवले आणि बटण दाबताच शॉर्ट सर्किट होऊन डोळे दिपवणारी ज्वाळा उठली. तोफ बुडाली. पण चुंबकीय क्षेत्रात विजेची ज्वाळा पसरते हे त्याने पाहिले होते, आणि थोड्याच दिवसांत उद्योजक साम आयडे याच्याशी बोलताना त्याला कळले की हवेतला नायट्रोजन पकडून खत करायला अशीच प्रखर ज्वाळा हवी आहे. त्यातून नॉर्स्क हायड्रो ही कंपनी १९०५ मध्ये उभी राहिली. कंपनी आजही आहे. ध्रुवीय प्रकाशाच्या संशोधनाला खताचा पैसा मिळाला, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक लोभस प्रकार आहे.

बिर्केलँडचा शेवट मात्र चटका लावणारा. झोपेच्या औषधाची सवय जडली होती. तब्येत ढासळली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तमधून जपानमार्गे घरी परतत असताना जून १९१७ मध्ये टोकियोच्या एका हॉटेलात तो गेला. वय ४९. नॉर्वेने पुढे त्याचे चित्र दोनशे क्रोनरच्या नोटेवर छापले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण विज्ञानकथा सांगताना नायकाच्या चुका झाकण्याचा मोह होतो. बिर्केलँडला वाटत होते की सूर्यातून इलेक्ट्रॉनांचे झोत सुटतात आणि ते थेट ध्रुवांवर येऊन आदळतात. हे चूक होते. आर्थर शूस्टरने १९११ मध्ये दाखवून दिले की एकाच जातीचा भार असलेला झोत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत टिकणारच नाही. कण एकमेकांना दूर सारतील आणि झोत वाटेतच फुटेल. हा आक्षेप अचूक होता. मात्र झोताची कल्पना पडली तेव्हा तिच्याबरोबर उभ्या प्रवाहाची कल्पनाही लोकांनी टाकून दिली. त्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

आता थोडे यंत्रशास्त्र. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, वीज आणणारी एक आणि परत नेणारी एक. दोन्ही पलीकडे जनित्राला जोडलेल्या असल्या तरच दिवा लागतो. आकाशातल्या या सर्किटमध्येही जनित्र, तारा आणि भार, म्हणजे दिव्यासारखी वीज खर्च करणारी जागा, या तिन्ही गोष्टी आहेत.

जनित्र आहे सौरवात आणि चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे आवरण, यांच्या भेटीच्या जागी. सूर्यातून विद्युतभारित कणांचा, म्हणजे प्लाझ्माचा, वारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. सूर्याच्या बाजूला पृथ्वीपासून साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर ही सरहद्द आहे. मागच्या बाजूला चुंबकावरणाची शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे लांबत जाते. चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला की वीज निर्माण होते, हे फॅरेडेचे तत्त्व आपण शाळेत शिकलो. इथे हलणारा वाहक म्हणजे तो प्लाझ्माच. सौरवाताबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि जनित्र जोरात चालू लागते. उत्तरेकडे असली तर बरेच मंदावते. त्यामुळे अवकाश हवामानाचा अंदाज सांगणारे लोक वाऱ्याच्या वेगाइतकेच या दिशेकडे डोळे लावून बसलेले असतात.

तारा म्हणजे पृथ्वीच्या बलरेषा. हजारो किलोमीटर उंचीवर प्लाझ्मा इतका विरळ असतो की कणांच्या एकमेकांशी धडका जवळपास होतच नाहीत. अशा ठिकाणी भारित कण बलरेषेभोवती गिरक्या घेत तिच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतो, पण तिला ओलांडून आडवे जाणे त्याला फार अवघड. म्हणून प्रवाह बलरेषांवरून उतरतो. ध्रुवांजवळ या रेषा जवळजवळ उभ्या जमिनीकडे येतात, त्यामुळे वीजही तिथेच उतरते. मुंबई-अलिबागकडच्या आकाशात त्या बऱ्याचशा आडव्या असतात.

आणि भार म्हणजे आयनांबर. जमिनीपासून सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीच्या थरात सूर्यकिरणांनी आणि वरून येणाऱ्या कणांनी हवेचे आयनीभवन झालेले असते, पण भार नसलेले अणू-रेणूही भरपूर असतात. कण त्यांना धडकतात, आपल्या बलरेषेवरून ढळतात, आणि त्यामुळे प्रवाह आडवा वाहू शकतो. सर्किट इथे पूर्ण होते. इथेच ऊर्जा खर्च होते आणि हवा तापते.

हे आज मी दोन-तीन मिनिटांत सांगितले. पण १९२० नंतरच्या चार दशकांत, निदान इंग्रजी जगात, हे कोणी गांभीर्याने मानत नव्हते. याला मोठे कारण सिडनी चॅपमन. चॅपमन हा मोठा गणिती, आणि भूचुंबकत्वाच्या विषयात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. युलिउस बार्टेल्सबरोबर १९४० मध्ये त्याने लिहिलेला द्विखंडी ग्रंथ पिढ्यांनी वापरला. चॅपमनचे म्हणणे असे: जमिनीवरच्या सगळ्या नोंदी आयनांबरातच गोल फिरून बंद होणाऱ्या आडव्या प्रवाहांनी समजावता येतात. मग अवकाशातून येणारे उभे प्रवाह कशाला कल्पायचे?

इथे बिर्केलँडला न्याय देताना चॅपमनवर अन्याय करण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. चॅपमनचे गणित बरोबर होते. का, ते पाहा. अशी कल्पना करा की एक उभा प्रवाह वरून सरळ खाली येतो आणि आयनांबरात पोचल्यावर सर्व दिशांना सारखा पसरतो. उभ्या भागामुळे एक चुंबकीय क्षेत्र तयार होईल, पसरणाऱ्या भागामुळे दुसरे. आयनांबराच्या वर दोन्ही मिळून ठळक क्षेत्र देतात. खाली, जमिनीच्या बाजूला, ती एकमेकांना पूर्णपणे रद्द करतात. बाकी उरते ते फक्त आयनांबरात वर्तुळाकार फिरणाऱ्या प्रवाहाचे क्षेत्र, ज्याला हॉल प्रवाह म्हणतात. जपानचे नाओशी फुकुशिमा यांनी हे गणिताने स्वच्छ मांडले आणि ते आज त्यांच्या नावाने प्रमेय म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात बलरेषा थोड्या तिरप्या असतात, आयनांबराची वाहकता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे रद्द होणे शंभर टक्के नसते. पण जमिनीवरच्या सूचीला उभा प्रवाह जवळपास अदृश्य असतो, हे खरे.

म्हणजे बिर्केलँड आणि चॅपमन यांच्या दोन वेगवेगळ्या आकृत्या जमिनीवर एकच नोंद देतात. हाल्देच्या डोंगरावर बिर्केलँडने आणखी दहा हिवाळे काढले असते तरी निकाल लागला नसता. चॅपमनची चूक गणितात नव्हती. जमिनीवरून ठरवता येत नाही, एवढ्यावर तो थांबायला हवा होता. तो तसे प्रवाह नाहीतच असे धरून चालला, आणि त्याच्या वजनामुळे इतरही तसेच चालले.

स्वीडनमध्ये एक माणूस मात्र तसा चालला नाही. हान्नेस आल्फव्हेनने १९३९ मध्ये चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडला, त्यात बलरेषांवरून वाहणारे प्रवाह होते. अमेरिकेतल्या या विषयाच्या मुख्य नियतकालिकाने लेख नाकारला आणि तो स्वीडनच्या अकादमीच्या प्रकाशनात छापला गेला, जिथे तो फारसा वाचला गेला नाही. आल्फव्हेन आणि चॅपमन यांचा वाद पुढे दशकानुदशके चालला. १९७० मध्ये आल्फव्हेनला प्लाझ्माच्या भौतिकीतल्या कामासाठी नोबेल मिळाले. चॅपमन त्याच वर्षी वारला.

निकाल लावला तो एका उपग्रहाने, आणि त्याचे मूळ काम भलतेच होते. सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकी नौदलाने दिशादर्शनाच्या कार्यक्रमात १९६३-३८सी नावाचा एक उपग्रह सोडला. तो ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, सुमारे ११०० किलोमीटर उंचीवर फिरत होता. त्यावर एक चुंबकमापक होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतले ॲल्फ्रेड झ्मुडा आणि त्यांचे सहकारी त्याच्या नोंदी पाहत होते. ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा ओलांडताना सूची दर वेळी आडवी, म्हणजे मूळ बलरेषेला काटकोनात, हिसका खात होती. क्षेत्राची एकूण ताकद फारशी बदलत नव्हती, दिशा बदलत होती. प्रवाहाच्या पडद्यातून उपग्रह गेला तर नेमके हेच दिसायला हवे. पण १९६६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा अर्थ लाटा असा लावण्यात आला. पूर्वग्रह किती खोल रुजतो बघा: पुरावा हाती आहे, आकडे चोख आहेत, पण प्रवाह हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही.

पुढच्याच वर्षी राइस विद्यापीठातले ॲलेक्स डेसलर आणि डेव्हिड कमिंग्ज यांनी त्याच नोंदींचा अर्थ सरळ सांगितला: हे बलरेषांवरून वाहणारे विद्युतप्रवाह आहेत. साल १९६७, बिर्केलँडच्या जन्माला शंभर आणि मृत्यूला पन्नास वर्षे. १९६९ मध्ये डेसलर आणि सहकाऱ्यांच्या लेखात या प्रवाहांना बिर्केलँड प्रवाह हे नाव आले आणि ते रुळले.

मग कोणाला थांबवता येईना. १९७२ मध्ये ट्रायड नावाचा उपग्रह गेला. त्याच्या नोंदींवरून ताकेशी इइजिमा आणि टॉमस पोटेम्रा यांनी १९७६ मध्ये प्रवाहांचा पहिला चांगला नकाशा काढला. तो असा: ध्रुवाभोवती एकात एक अशी दोन कडी. ध्रुवाकडच्या कड्यात पहाटेच्या बाजूला वीज खाली उतरते आणि संध्याकाळच्या बाजूला वर जाते. बाहेरच्या, विषुववृत्ताकडच्या कड्यात बरोबर उलटे. आतल्या कड्याचा संबंध चुंबकावरणाच्या सरहद्दीशी आणि सौरवाताशी, बाहेरच्याचा पृथ्वीच्या जवळच्या तप्त प्लाझ्माशी. हा नकाशा आज पन्नास वर्षांनीही मुळातून बदललेला नाही.

जिथे प्रवाह वर जातो तिथे इलेक्ट्रॉन खाली येत असतात, कारण त्यांचा भार ऋण. मोठा प्रवाह वाहून न्यायला इलेक्ट्रॉन अपुरे पडले की बलरेषेवरच, काही हजार किलोमीटर उंचीवर, विद्युतदाब तयार होतो आणि तो त्यांना काही हजार व्होल्टची धाव देतो. हे इलेक्ट्रॉन हवेवर आपटले की ऑक्सिजनचे अणू शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर हिरवा आणि त्याहून बरेच वर तांबडा प्रकाश देतात. ध्रुवीय प्रकाश बघताना आपण या सर्किटची वर जाणारी बाजू बघत असतो. खाली येणारी बाजू बहुतेक अंधारातच असते.

आता या प्रवाहांवर रोजच्या रोज नजर ठेवली जाते. युरोपच्या स्वार्म मोहिमेचे तीन उपग्रह नोव्हेंबर २०१३ पासून त्यांतून ये-जा करत आहेत. त्याहून गंमत इरिडियमची. सॅटेलाइट फोनसाठी सोडलेल्या या ६६ उपग्रहांवर, उपग्रह कोणत्या दिशेला वळला आहे हे कळण्यासाठी साधे चुंबकमापक बसवलेले होते. शास्त्रज्ञांनी त्यांच्या नोंदी मागून घेतल्या आणि दोन्ही ध्रुवांवरच्या बिर्केलँड प्रवाहांचे नकाशे दर काही मिनिटांनी काढायला सुरुवात केली. बिर्केलँडने चार ठाणी मांडण्यासाठी केलेली धडपड आठवली की हे सोपेपण जाणवते.

याचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. १३ मार्च १९८९ रोजी मोठ्या चुंबकीय वादळात ध्रुवीय प्रवाह झपाट्याने बदलले. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीत वीज प्रेरित होते. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताखालचा जुना कठीण खडक तिला सहज वाहू देत नाही, म्हणून ती विजेच्या लांब तारांत शिरली. दीड मिनिटात सगळी यंत्रणा कोलमडली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले. फेब्रुवारी २०२२ मधला प्रकार वेगळा. स्टारलिंकचे ४९ उपग्रह नुकतेच सोडले होते आणि ते अजून खालच्या कक्षेत होते. वादळ मध्यम स्वरूपाचे होते, पण आयनांबरात प्रवाह वाढले, वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढले आणि त्यांतले बहुतेक उपग्रह परत वातावरणात येऊन जळाले.

भारतावर ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा नाही, म्हणून आपण सुटलो असेही नाही. वादळ सुरू होताना आतल्या कड्यातला प्रवाह चटकन वाढतो, बाहेरच्या कड्याला त्याला अडवायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात ध्रुवांवरचे विद्युतक्षेत्र सरळ विषुववृत्तापर्यंत पोचते. दक्षिण भारतावरचे आयनांबर त्याने वर उचलले जाते किंवा खाली दाबले जाते, आणि जीपीएसच्या अचूकतेवर परिणाम होतो. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले संशोधक हे तिरुनेलवेलीच्या केंद्रातून अभ्यासतात. हीच संस्था अंटार्क्टिकावर मैत्री या भारतीय तळावर चुंबकमापक चालवते. मैत्री ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या कडेला आहे, म्हणजे आपली माणसे या प्रवाहांच्या अगदी खाली बसून नोंदी घेत आली आहेत.

आणि आता कुलाबा. मुंबईचा कुलाबा, आपला जुना जिल्हा नव्हे. तिथल्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या आणि १८४६ पासून त्या सलग आहेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्याच्या डागांवर अचानक पांढरा लखलखाट पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ येऊन आदळले. अमेरिकेत तारायंत्रवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकून आकाशातल्या विजेवर संदेश पाठवले. कुलाब्यात वादळाच्या दिवशी दुपारच्या आधी क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. त्याचे नेहमीचे मूल्य तिथे चाळीस हजारांच्या आत आहे. एरवी मोठ्या वादळातही घसरण काही शेकड्यांची असते. फोटोवर आपोआप उमटणारी नोंद तेव्हा नव्हती. कर्मचारी डोळ्यांनी वाचून वहीत आकडे लिहीत. सूची बिथरली आहे हे ओळखून त्यांनी तासाची वाट न पाहता मधल्या मधल्या वेळीही वाचन घेतले, म्हणून तो आकडा आपल्याकडे आहे.

ती वही जवळजवळ दीड शतक पडून होती. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना ॲलेक्स यांनी ती जगासमोर मांडली, आणि कॅरिंग्टन वादळाविषयीच्या प्रत्येक चर्चेत कुलाब्याचे नाव येऊ लागले. लगेच वादही सुरू झाला. एवढी घसरण कोणत्या प्रवाहाची? विषुववृत्ताभोवती, काही पृथ्वीत्रिज्या अंतरावर फिरणाऱ्या वलयप्रवाहाची, असा पहिला अर्थ होता. पण क्षेत्र जितक्या झपाट्याने पडले तितक्याच झपाट्याने सावरले, आणि वलयप्रवाह इतक्या लवकर ओसरत नाही. म्हणून काही संशोधक म्हणतात की त्या दिवशी ध्रुवीय प्रवाहांची कडी, बिर्केलँड प्रवाहांसकट, विषुववृत्ताच्या दिशेने खूप खाली सरकली होती आणि कुलाब्याच्या नोंदीत त्यांचा मोठा वाटा आहे. मला हे म्हणणे अधिक पटते, पण एकाच ठिकाणच्या नोंदीवरून खात्री देता येत नाही. पुन्हा तीच अडचण. असे काही घडू शकते याला दुसरा आधारही आहे: ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री ध्रुवीय प्रकाश मुंबईतून पुसटसा दिसल्याची नोंद त्या वेळच्या वर्तमानपत्रात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेची ट्राम येणार हे निश्चित झाले. तिच्या प्रवाहांनी कुलाब्याच्या नोंदी बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम हलवायचे ठरवले आणि अलिबागची निवड झाली. लोखंड टाळून इमारती बांधल्या गेल्या, १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींची सांगड बसावी म्हणून सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग बरोबरीने चालवली. मूस यांनी हे केले नसते तर १८४६ पासूनची साखळी १९०६ मध्ये तुटली असती. आज ती जगातल्या फार थोड्या दीर्घ साखळ्यांपैकी एक आहे. अलिबागच्या वेधशाळेच्या आसपास विजेच्या जोडण्या, लोखंडी सांगाडे आणि वाहने वाढत आहेत, आणि गाव वाढले की ती वाढणारच. पण वेधशाळेच्या आवाराभोवती थोडी मोकळीक राखणे हे आपल्या नगरपालिकेच्या आणि नागरिकांच्या हातचे आहे. हा मुद्दा गावाने एकदा मनावर घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना. अलिबागच्या नोंदी इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यामार्फत इंटरनेटवर कोणालाही मिळतात. १० मे २०२४ च्या चुंबकीय वादळाचा आलेख उतरवून घ्या. त्या रात्री लडाखच्या हानले इथून आकाश तांबडे दिसले होते. आपल्या वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास रेघ एकदम उडी मारते आणि मग कोसळू लागते. तिथून पुढचे चोवीस तास मिनिटामिनिटाने वाचा, त्याच वेळचे स्वार्मचे आकडे शेजारी ठेवा, आणि कोणता चढउतार कोणत्या प्रवाहाचा हे तुमच्या शिक्षकांशी भांडून ठरवा.